शालनबाईंच्या गवतात गोल्फ

गोल्फ हा खेळ मी आयुष्यात एकदाच खेळलो, आणि कचेरीतल्या नोंदीप्रमाणे तर तेवढाही नाही. नोंदीप्रमाणे त्या रविवारी सकाळी मी गवत कापत होतो. सोबत आमचे शेजारी उद्धवराव आणि चिंचवडला जुन्या मशीनच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे रहिमानभाई हेही गवतच कापत होते. हे कसं घडलं ते सांगायचं, तर रहिमानभाईंच्या मदिनापासून सुरुवात करायला हवी.

मदिना पाचवीत होती. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून निगडीला प्राधिकरणातल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत, संध्याकाळी मुलांचा वर्ग भरवत असे. कुणी सांगितलं होतं म्हणून नव्हे. दिवसातून एकदा तरी कुणाला तरी काहीतरी समजावून सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, आणि आमच्या सौ. सुमनताईंनी समजून घेणं कधीच सोडून दिलेलं होतं. वर्गाची एक पद्धत होती. मुलांनी दर आठवड्याच्या चाचणीतल्या मार्कांप्रमाणे आठवडाभर बसायचं. पहिला आलेला फळ्यापाशी, शेवटचा आलेला दारात, चपलांपाशी. यात कुणाला कमी लेखायचा हेतू मुळीच नव्हता. दारात वारा चांगला येतो, हे मी प्रत्येक शेवटच्या मुलाला नीट समजावून सांगत असे, आणि माझा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

गणपती झाल्यावर मी गणिताची चाचणी घेतली. उन्हाळ्यात एकदा शेवटची येऊन मदिना दारात गेली होती, आणि तेव्हापासून तिचे मार्क घसरतच होते. या वेळी तिला शंभरात अकरा मिळाले. तिनं कागद नीट घडी करून पाटीखाली ठेवला आणि म्हणाली, "गुरुजी, मी उद्यापासून इथं येत नाही, शाळेतही जात नाही. अब्बांच्या दुकानात बसते. तिथं मार्क नसतात."

रडली असती तर मला काय करायचं ते माहीत होतं. ती रडली नाही. रहिमानभाईंनी आपल्या घरात मॅट्रिक होणारी पहिली ही पोर असणार, असं साऱ्या आळीला सांगून ठेवलेलं. त्यामुळे माझा जीव कासावीस झाला आणि अशा वेळी मास्तर जे करतो ते मी केलं. विषय बदलला.

"मदिना, कमी मार्क म्हणजे वाईटच असं नाही," मी म्हणालो. "गोल्फ नावाचा एक खेळ आहे. त्यात ज्याचे आकडे सगळ्यात कमी, तो जिंकतो."

"खोटं," मदिना म्हणाली.

"मी वर्तमानपत्रात वाचलंय."

"तुम्ही पाहिलाय?"

"नाही."

"मग दाखवा. असा खेळ खरंच असला तर मी परत येते."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. शिकवताना वस्तू दाखवल्याशिवाय धडा पुढे न्यायचा नाही, हा माझा नियम सगळ्यांना ठाऊक होता. मी आंबा दाखवून आंबा शिकवला होता आणि सुमनताईंचं वजनकाटा वापरण्याचं स्वातंत्र्य हिरावून घेऊन वजनं शिकवली होती. तेव्हा गोल्फही दाखवणं भाग होतं. तेवढ्यापुरतं मला ते सोपंही वाटलं, कारण निगडीच्या पुढे माळावर चक्क एक सार्वजनिक गोल्फ मैदान होतं.

या मैदानाचं असं झालं. मागे कुणा वरच्या साहेबांच्या मनात आलं की इथे एवढे कारखाने निघाले, परदेशी इंजिनिअर येऊन राहू लागले, तर आपल्याकडेही एक गोल्फचं मैदान हवं, आणि ते सार्वजनिक हवं. कुंपण झालं, गवत लावलं, नऊ खळगे खणले, त्यांत नऊ लाल निशाणं रोवली, नारळ फुटला. मग साहेबांची बदली झाली. 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी मात्र फाटकावर राहिली, आणि फाटकाला कुलूप.

मी हा बेत प्रथम उद्धवरावांना सांगितला. सांगायचा नव्हता, पण ते कुंपणाशी उभेच होते. उद्धवराव कंपनीत स्टोअरला. त्यांनी त्या उन्हाळ्यात आपल्या स्कूटरसाठी आमच्या खिडकीसमोर पत्र्याची शेड बांधली होती. कोरा पत्रा इतका चकचकीत की कावळे त्यावर उतरताना विचार करत. ती शेड माझ्या हद्दीत हातभर आली होती आणि त्यावरून आमचं थोडं बोलणंही झालं होतं. पण ते असो.

"गोल्फ?" उद्धवराव म्हणाले. "मास्तर, मला विचारा. कंपनीच्या गेस्ट हाऊसच्या किल्ल्या द्यायला जायचो तेव्हा साहेब लोक लॉनवर मारायचे. सगळं मनगटात असतं. मनगट ढिलं, कंबर घट्ट."

"तुम्ही खेळलायत?"

"खेळायला कशाला पाहिजे? पाहिलंय ना. मी येतो तुमच्याबरोबर. एखादा जाणकार नको का?"

रहिमानभाईंना मी दुकानात जाऊन सांगितलं. ते ऐकत असताना एका हातानं बेअरिंग पुसत होते. "गुरुजी, तुमची मदिना तुमच्याशी बोलली तरी," ते म्हणाले. "आमच्याशी बोलतच नाही. सकाळपासून गल्ल्यापाशी बसलीय आणि गिऱ्हाइकांना शाळा का सोडली ते सांगतीय. एक गिऱ्हाईक परत गेलं." मग त्यांनी माळ्यावरून भंगाराचं एक पोतं काढलं. कुठल्याशा कंपनीच्या मोडीच्या मालात एक लोखंडी टोकाची काठी आणि दोन पांढरे चेंडू आले होते. काठी कशाची ते कळत नसल्यामुळे त्यांनी ती कोळ्याची जाळी काढायला ठेवली होती. मी ती हातात घेतली आणि मला उगीचच आपण उंच झाल्यासारखं वाटलं.

आता फक्त परवानगी राहिली होती.

मैदान ज्या कचेरीच्या ताब्यात होतं, तिथले कारकून सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे.

"फेरी खेळायची आहे? जरूर खेळा. सार्वजनिक मैदान आहे," ते म्हणाले. "फक्त आत जाता येणार नाही."

"का बरं?"

"गवताचा लिलाव झालाय."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि शिकवण्याची हातोटी त्यांना चांगली होती हे मान्य करायला हवं. कचेरीच्या ताब्यातल्या सर्व मोकळ्या मैदानांवरच्या गवताचा पावसाळा संपताना लिलाव करायचा, असा नियम आहे. गोल्फचं मैदान हे मैदान आहे. त्यावर गवत आहे. किंबहुना, बाकीच्या मैदानांवर गवत आपोआप येतं, इथे तर ते मुद्दाम लावलेलं, खत घातलेलं. म्हशीवाल्यांची नुसती झुंबड उडाली होती. सगळ्यात मोठी बोली शालनबाईंची. आता काढणी होईपर्यंत त्या गवतावर पाय ठेवायचा तर शालनबाईंची संमती हवी.

"काढणी कधी होईल?"

"दसऱ्यानंतर सुरू होते. मग दिवाळी. मग गवत वाळवतात. तुम्ही असं करा, संक्रांतीच्या सुमारास या."

संक्रांतीपर्यंत मदिना दुकानात मुरली असती. मी शालनबाईंकडे गेलो.

शालनबाई जुन्या गावातल्या. गोठ्यात सात-आठ म्हशी, बोलणं रोखठोक, आणि धार काढताना पाहुण्याकडे पाठ करून बोलायची सवय. त्यामुळे माझं सगळं निवेदन मी एका म्हशीच्या तोंडाकडे बघत केलं.

"मास्तर, गवत माजं हाय," त्या म्हणाल्या. "मानूस शिरला की गवत लोळतंय. लोळलेलं गवत इळ्याला येत न्हाई. तुमी खेळून जाल, माज्या म्हशी काय खातील? तुमचा चेंडू?"

"आम्ही जपून चालू. फक्त एका खळग्यापासून दुसऱ्या खळग्यापर्यंत."

"कुठला खळगा?"

"मैदानात नऊ खळगे आहेत ना."

शालनबाईंची धार थांबली. त्या पहिल्यांदा वळल्या. "त्ये खड्डे तुमचं व्हय? आमची ही म्हस त्यात पाय घालून महिनाभर लंगडत हुती. म्या समदं बुजवलं. मुरूम घालून, धुमुसानं ठोकून. कुणी खणलं त्याचा पत्ता हुडकत हुते मी."

ते खळगे मी खणले नाहीत, हे त्यांना पटवण्यात बराच वेळ गेला. निशाणांचं विचारायचं धैर्य झालं नाही, कारण तेवढ्यात ती मला दिसली. गोठ्यामागे वालाचे वेल चढवले होते, आणि प्रत्येक वेलाच्या काठीला वर एकेक लाल फडकं होतं.

"म्हणजे एकही खळगा उरला नाही," मी म्हणालो. माझा आवाज बहुधा पडला असावा, कारण शालनबाईंनी विचारलं, "एवडं काय अडलंय तुमचं त्या खेळावाचून?"

मी मदिनाचं सांगितलं. अकरा मार्क, दुकान, सगळं. शालनबाईंनी पदरानं हात पुसले.

"एक ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. "पार त्या टोकाला, बोरीच्या बुडाशी. काट्यामुळं म्हशी तिकडं जात न्हाईत म्हनून बुजवला न्हाई. ऐका. ऐतवारी आमी त्याच अंगाकडं कापत जानार. दसऱ्याआधी थोडं ओलं वैरनीला लागतंयच. आमी कापत फुडं जानार, कापलेल्यातनं तुमी मागनं या. उभ्या गवतात पाऊल टाकायचं न्हाई. चेंडू आत गेला तर हातानं चाचपून काढायचा. आन जाताना परत्येकानं एक भारा रस्त्यापत्तुर न्यायचा."

ही संमती कागदावर, शालनबाईंच्या अंगठ्यासह घेऊन मी कचेरीत परतलो. कारकुनांनी अंगठा बघितला, आनंद व्यक्त केला आणि पावतीपुस्तक काढलं. मग त्यांचं पेन थबकलं.

"फेरी म्हणजे नऊ खळगे. नऊ खळग्यांचा दर ठरलेला आहे. तुम्ही एकच खेळणार म्हणता. एका खळग्याचा दर नाही."

"मग नऊचा घ्या."

"नसलेल्या खळग्यांचे पैसे कसे घेऊ? उद्या कुणी विचारलं तर?"

शेवटी त्यांनीच वाट काढली. लिलावदाराला काढणीसाठी माणसं आत नेता येतात. त्यांना दर लागत नाही. त्यांनी आमची नावं 'गवत कापणीस मदतनीस' या सदराखाली लिहिली. माझ्या नावापुढे 'निवृत्त शिक्षक' लिहावं, अशी मी विनंती केली. जागा नव्हती.

रविवारी पहाटेपासून आळीत गडबड होती. सुमनताईंनी माझ्या कमरेला आधीच लेप लावून ठेवला, म्हणजे नंतर शोधाशोध नको. उद्धवराव पांढरी पँट, पांढरे बूट आणि कंपनीची टोपी घालून आले. रहिमानभाईंनी काठीला ग्रीस लावून आणली होती. ती हातातून निसटू लागल्यावर मातीनं पुसावी लागली. माझा सगळा वर्ग आला होता. मदिना सगळ्यांच्या मागून, हात पाठीशी बांधून, पंचासारखी चालत होती. ती काठी हातात घ्यायला तयार नव्हती. "मी मोजणार," ती म्हणाली. "तुम्ही नीट मोजणार नाही." तिच्या फ्रॉकच्या खिशात चिंचोके होते.

मैदानावर शालनबाई आणि त्यांच्याकडे कामाला आलेल्या बायका विळे घेऊन आधीच कामाला लागल्या होत्या. गवत माझ्या छातीपर्यंत आलेलं. मधून एक अरुंद कापलेली वाट पुढे पुढे सरकत होती, आणि पार लांब बोरीचं झाड दिसत होतं.

पहिला मान उद्धवरावांचा. त्यांनी मनगट ढिलं केलं, कंबर घट्ट केली आणि काठी फिरवली. चेंडू जागेवर होता. टोपी गेली होती.

"एक," मदिना म्हणाली आणि एक चिंचोका दगडावर ठेवला.

"अगं, तो सराव होता."

"गुरुजी, हवेतला धरायचा का?"

उद्धवरावांनी माझ्याकडे पाहिलं. आमचे इतक्या वर्षांचे शेजारसंबंध त्या नजरेत होते. पण समोर वर्ग बसलेला होता. "धरायचा," मी म्हणालो. "मारला तो मारला."

उद्धवरावांनी दुसरा फटका रागानं मारला. तो मात्र सुरेख बसला. चेंडू उंच गेला, सूर्याकडे गेला आणि मैदानाच्या दुसऱ्या अंगाला उभ्या गवतात पडला. शालनबाईंनी विळा उगारून तिकडे बोट केलं आणि नुसती मान हलवली. उद्धवराव काठाकाठानं, हातानं गवत बाजूला सारत, तासभर तो चेंडू शोधत राहिले. पांढरी पँट हिरवी झाली. चेंडू सापडला नाही.

रहिमानभाई मात्र धोरणी निघाले. त्यांनी चेंडू उडवलाच नाही. बोल्ट ठोकावा तसा हलके हलके ठोकत, कापलेल्या वाटेवरून लोटत लोटत नेला. वाट संपली की ते थांबत, बायका पुढे कापत, मग ते पुढे. सोळा फटक्यांत चेंडू बोरीखालच्या खळग्यात पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शालनबाई म्हणाल्या, "ह्यो मानूस कामाचा हाय."

मग तोच चेंडू घेऊन मी सुरुवातीला परतलो. माझ्या खेळाचं तपशीलवार वर्णन करणं मला शक्य आहे, पण मी ते करणार नाही. चेंडू उजवीकडे गेला, डावीकडे गेला, एकदा माझ्या मागे गेला. तो मागे कसा गेला यावर वर्गात पुढे बरीच चर्चा झाली. दोनदा मी गुडघ्यावर बसून गवतात हात घालून तो बाहेर काढला आणि एकदा त्याऐवजी बेडूक काढला. मधेच मदिनाचा आवाज आला, "गुरुजी, थांबा. चिंचोके संपले." मी कमरेवर हात ठेवून थांबलो. मला विश्रांती हवीच होती. तिनं इकडे तिकडे बघितलं, एक खडा उचलला, दहा चिंचोके परत खिशात टाकून त्यांच्या जागी तो ठेवला, आणि म्हणाली, "हं. आता मारा." ही पोर शंभरात अकरा कशी मिळवते, हे कोडं मला तेव्हाच पडायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष कमरेकडे होतं.

शेवटी मी बोरीपाशी पोचलो. चेंडू खळग्याच्या अगदी काठावर येऊन थांबला. मी एक हलका फटका मारला, आणि तो खळग्यावरून उडी मारून पलीकडे गेला. परत मारला, परत अलीकडे. असं काही वेळ चाललं. आत पडला तेव्हा मदिनाकडे चार खडे आणि तीन चिंचोके होते.

"त्रेचाळीस," ती म्हणाली.

निकाल जाहीर करायला ती दगडावर चढली. "उद्धवकाकांचा चेंडू हरवला, ते नापास. गुरुजी त्रेचाळीस, म्हणजे शेवटचे. अब्बा सोळा, दुसरे."

"दुसरा कसा?" रहिमानभाई म्हणाले.

"पहिल्या शालनमावशी. त्यांचे शून्य."

"मी कुटं खेळले, बाई?"

"म्हणूनच. शून्य सगळ्यात कमी."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कंबर सावरून म्हणालो, "तसं नाही, मदिना. चेंडू खळग्यापर्यंत पोचावा लागतो. न पोचलेल्याचा आकडा धरत नाहीत."

मदिनानं विचार केला. "म्हणजे नुसतं कमी असून भागत नाही."

"नाही."

"हे तुम्ही आधी नाही सांगितलं," ती म्हणाली. एवढं सगळं करून ती दुकानातच जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात शालनबाई वाकल्या. त्यांनी खळग्यातून चेंडू काढला, हातभर अंतरावर ठेवला आणि विळ्याच्या मुठीनं टिचकी मारावी तसा ढकलला. चेंडू सरळ आत गेला.

"एक," शालनबाई म्हणाल्या. "आता पोचला ना? उचला भारे."

मदिना पहिल्यांदा हसली. मग तिनं डोक्यावर भारा घेतला आणि माझ्या शेजारून चालू लागली. माझ्या भाऱ्यातलं गवत डोळ्यांवर येत होतं, त्यामुळे मला तिचा नुसता आवाज ऐकू आला.

"गुरुजी, खेळ खरा आहे. मी उद्या शाळेत जाते, संध्याकाळी वर्गालाही येते. पण शेवटचा कोण आला?"

"मी."

"मग चपलांपाशी कोण बसणार?"

सोमवारी संध्याकाळी ती आली. फळ्यापाशी न जाता दारातच उभी राहिली आणि वाट बघू लागली. सगळा वर्ग वाट बघत होता. नियम माझाच होता. मी खडू खाली ठेवला, कमरेला हात लावून सावकाश खाली बसलो, चपलांपाशी, आणि फळ्याकडे बघितलं.

फळा नव्हता. म्हणजे फळा होता, मे महिन्यात मीच त्याला नवा तेलकट काळा रंग दिला होता. पण त्या जागेवरून तिथे फक्त एक पांढरा लखलखाट होता. मावळतीचं ऊन उद्धवरावांच्या शेडवर पडत होतं, पत्र्यावरून आमच्या खिडकीत, खिडकीतून फळ्यावर आणि फळ्यावरून नेमकं दारात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत. मी डोकं डावीकडे केलं, उजवीकडे केलं. आत्ताच मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं उदाहरण मला वाचता येईना.

"मदिना," मी म्हणालो, "इथून काही दिसतच नाही."

"हो," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "मला वाटलं, सगळ्यांना तसंच दिसतं. बाकीची हुशार आहेत म्हणून त्यांना तरी येतं."

मी उठलो, फळा खिळ्यावरून काढला आणि समोरच्या भिंतीला टेकवला. मग मार्कांप्रमाणे बसायची पद्धत बंद केल्याचं जाहीर केलं. कुणीही कुठेही बसावं.

"तुम्ही सोडून," मदिना म्हणाली. "तुमचा आठवडा व्हायचाय."

तो आठवडा मी चपलांपाशी बसून शिकवलं. फळ्यावर लिहायला मदिना उठत असे. आणि आता एवढं सांगून टाकतो, की त्या दारात वारा बिलकूल येत नाही.